फवाऱ्यातील थेंबांचे आकारमापन : तत्त्वे, पद्धती आणि बुलढाणा जिल्ह्यातील पीकफवारणीच्या संदर्भात त्याचे महत्त्व

सारांश

कीटकनाशकाची मात्रा डब्यावर छापलेली असते. ती मात्रा नोझलमधून किती मोठ्या थेंबांच्या रूपाने बाहेर पडेल, हे मात्र डबा सांगू शकत नाही. औषध पानावर बसणार, जमिनीवर ओघळणार की फवारणाऱ्याच्या अंगावर येणार, हे बऱ्याच अंशी थेंबांच्या आकारावर ठरते. प्रस्तुत लेखात थेंबनिर्मितीची प्रक्रिया, सरासरी आकार काढण्याच्या विविध रीती आणि आकारमापनाच्या प्रमुख पद्धती यांचा परामर्श घेतला आहे. यांपैकी काही पद्धती सर्वसाधारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अल्प खर्चात वापरता येतात, हेही दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : फवारा, नोझल, घनफळ-मध्यक व्यास, जलसंवेदी कागद, प्रकाशाचे विवर्तन, फवारणीतील विषबाधा.

१. प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सर्वपरिचित आहेत. चिखली-मेहकरकडे सोयाबीन, तर मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे कपाशी डोळ्यांत भरते. पीक कोणतेही असो, पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाठीवर पंप घेतलेला माणूस जिल्ह्याच्या प्रत्येक शिवारात दिसतो. हा माणूस अनेकदा शेताचा मालक नसून रोजंदारीवरचा मजूर असतो. औषध कोणते, पंप कोणता, नोझल कोणते, हे तो ठरवीत नाही. परिणाम मात्र प्रथम त्याच्याच शरीरावर होतो.

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या घटनेने संपूर्ण विदर्भ हादरला. त्या वेळी झालेल्या चर्चेत अनेक कारणे पुढे आली. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, एकाच टाकीत दोन-तीन औषधे मिसळण्याची प्रथा, संरक्षक साधनांचा अभाव आणि अधिक दाबाने बारीक फवारा उडविणारे यांत्रिक पंप ही त्यांतील काही होत. यांपैकी शेवटच्या कारणाकडे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : ‘बारीक’ म्हणजे नेमके किती बारीक? या प्रश्नाचे उत्तर केवळ मोजणीनेच देता येते. म्हणून आकारमापनाचा विषय अभियांत्रिकीच्या वर्तुळापुरता सीमित न ठेवता सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

२. नोझलमध्ये थेंब कसे तयार होतात?

पाठीवरच्या पंपाला सामान्यतः पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल असते. त्यातील भोवराकक्षात द्रव गरगर फिरतो आणि छिद्रातून बाहेर पडताना पातळ पडद्यासारखा पसरतो. हवेच्या घर्षणाने पडद्यावर लाटा निर्माण होतात, पडदा फाटून त्याचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब होतात. द्रवाची धार थेंबांत का तुटते, याचे गणिती विवेचन लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये केले. पृष्ठताणामुळे धारेवरील विशिष्ट लांबीची लहर सर्वांत वेगाने वाढते आणि त्यातून धारेच्या व्यासाच्या सुमारे १.८९ पट व्यासाचा थेंब तयार होतो, असे त्यांच्या सिद्धांतावरून निघते. तथापि नोझलमधील पडदा सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो, धागेही सारखे नसतात. परिणामी एकाच फवाऱ्यात १० मायक्रॉनपासून ५०० मायक्रॉनपर्यंतचे थेंब एकत्र आढळू शकतात. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

या प्रक्रियेत ऊर्जा किती लागते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. एक लिटर पाण्याचे १०० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर सुमारे १९१ कोटी थेंब होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर भरते. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरल्यास हे पृष्ठफळ निर्माण करण्यास केवळ ४.३ ज्यूल ऊर्जा पुरेशी आहे. याउलट ३ बार दाबाखालील एक लिटर द्रव नोझलकडे सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. म्हणजे थेंब घडविण्यास दीड टक्क्याहूनही कमी ऊर्जा लागते. उरलेली बहुतांश ऊर्जा थेंबांना वेग देण्यात, हवा ढवळण्यात व घर्षणात खर्च होते. म्हणूनच दाब वाढविला की केवळ फवारा ‘जोरात’ जातो असे नव्हे, तर थेंबही बारीक होत जातात. शिवाय प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह दुप्पट करण्यासाठी दाब चौपट करावा लागतो. लवकर काम आटोपण्यासाठी दाब वाढविणारा मनुष्य प्रत्यक्षात थोडा अधिक प्रवाह आणि बराच अधिक धुरळा मिळवीत असतो.

३. थेंबाचा आकार आणि त्याचे भवितव्य

थेंबाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातून २०० मायक्रॉनचे ८, १०० मायक्रॉनचे ६४ किंवा ५० मायक्रॉनचे ५१२ थेंब होतात. बारीक थेंबांनी तितक्याच औषधात पानाचा अधिक भाग व्यापला जातो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या किडींपर्यंत पोहोचण्यास ते उपयुक्त असतात. मोठा थेंब पानावर आदळून उसळतो किंवा ओघळून मातीत जातो. येथवर विचार केल्यास बारीक थेंबच श्रेयस्कर वाटतील. परंतु लहान थेंब नोझलमधून मिळालेला वेग थोड्याच अंतरात गमावतो आणि त्यानंतर तो वाऱ्याच्या स्वाधीन होतो.

स्थिर हवेत ४०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे १.६ मीटर, १०० मायक्रॉनचा सुमारे २५ सेंटिमीटर, तर ५० मायक्रॉनचा अवघा ७ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. ताशी १० किलोमीटर वाऱ्यात एक मीटर उंचीवरून पडताना पहिला थेंब पावणेदोन मीटरच्या आसपास सरकेल, दुसरा सुमारे ११ मीटर दूर जाईल. हे स्थूल गणित आहे. वाऱ्याचे भोवरे त्यात धरलेले नाहीत.

तिसऱ्या थेंबाच्या बाबतीत बाष्पीभवनाचाही विचार करावा लागतो. पाण्याच्या थेंबाचे आयुष्य सेकंदांत काढण्यासाठी एक सोपे सूत्र प्रचलित आहे. मायक्रॉनमधील व्यासाच्या वर्गाला, कोरड्या व ओल्या फुग्याच्या तापमापकांवरील फरकाच्या (अंश सेल्सिअस) ८० पटीने भागावे. हा फरक ८ अंश असेल, तर २०० मायक्रॉनचा थेंब सुमारे ६२ सेकंद, १०० मायक्रॉनचा १६ सेकंद आणि ५० मायक्रॉनचा ४ सेकंद टिकतो. ५० मायक्रॉनच्या थेंबाला एक मीटर खाली येण्यास सुमारे १४ सेकंद हवेत. म्हणजे तो जमिनीवर येण्यापूर्वीच त्यातील पाणी उडून जाते आणि औषधाचा तीव्र अंश तेवढा हवेत तरंगत राहतो. भर पावसाळ्यातील दमट सकाळी हा फरक कमी असतो. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तो वाढतो. तेच नोझल, तोच दाब आणि तेच औषध असूनही सकाळची व दुपारची फवारणी एकसारखी का नसते, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे. डोक्याइतक्या कपाशीत नोझल चेहऱ्याच्या पातळीवर धरून, स्वतःच उडविलेल्या फवाऱ्यात चालत जाणाऱ्या मजुराच्या दृष्टीने हा केवळ गणिताचा प्रश्न राहत नाही.

४. ‘सरासरी आकार’ कोणता?

आकारमापनातील सर्वांत मोठी दिशाभूल उपकरणांमुळे नव्हे, तर ‘सरासरी’ या शब्दामुळे होते. उदाहरणादाखल, एका नमुन्यात १०० थेंब मोजले असे मानू.

तक्ता क्र. १ : एका कल्पित नमुन्यातील थेंबांचे वितरण

| व्यास (मायक्रॉन) | थेंबांची संख्या | एकूण घनफळातील वाटा (टक्के) |
|---|---|---|
| ५० | ६० | २.३ |
| १०० | २५ | ७.८ |
| २०० | १२ | ३०.० |
| ४०० | ३ | ५९.९ |

या थेंबांच्या व्यासांची साधी सरासरी ९१ मायक्रॉन येते. संख्येने निम्मे थेंब ज्या व्यासाच्या खाली व निम्मे वर असतात, तो संख्या-मध्यक व्यास ५० मायक्रॉन ठरतो. एकूण घनफळाला एकूण पृष्ठफळाशी जोडणारा साउटर मध्यम व्यास सुमारे २३६ मायक्रॉन येतो. आणि ज्या व्यासाच्या खाली निम्मे घनफळ व वर निम्मे घनफळ असते, तो घनफळ-मध्यक व्यास ४०० मायक्रॉनच्या गटात पडतो. फवारा एकच, उत्तरे चार, आणि चारही बरोबर! इंजिनमधील इंधनाच्या ज्वलनात पृष्ठफळाला महत्त्व असल्याने तेथे साउटर व्यास वापरतात. पीकफवारणीत औषधाची मात्रा घनफळाशी निगडित असल्याने घनफळ-मध्यक व्यास मुख्य मानला जातो.

तथापि एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. वरील फवाऱ्याचा घनफळ-मध्यक व्यास पाहून ‘हा जाड फवारा आहे, सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु याच फवाऱ्यात शंभरापैकी ८५ थेंब १०० मायक्रॉनचे वा त्याहून लहान आहेत आणि ते एकूण औषधाचा दहावा हिस्सा वाहून नेतात. वाऱ्यावर जाणारा व माणसाच्या अंगावर येणारा हिस्सा प्रामुख्याने हाच. म्हणून घनफळ-मध्यक व्यासासोबत दोन आकडे दिले जाणे अगत्याचे आहे. पहिला, १०० किंवा १५० मायक्रॉनखालील घनफळाची टक्केवारी. दुसरा, वितरणाचा सापेक्ष विस्तार. ज्यांच्याखाली अनुक्रमे ९० व १० टक्के घनफळ असते अशा दोन व्यासांतील फरकाला घनफळ-मध्यक व्यासाने भागले असता हा विस्तार मिळतो. सरासरी औषधाच्या पोहोचीबद्दल सांगते. धोका वितरणाच्या टोकाला दडलेला असतो.

५. मापनाच्या पद्धती

५.१ थेंब पकडून मोजणे : अमेरिकेतील व्हर्मांट राज्यातील विल्सन बेंटले यांनी पावसाचे थेंब बारीक पिठाच्या थाळीत झेलून, तयार झालेल्या गोळ्यांवरून त्यांचा आकार काढला आणि १९०४ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. पीठ आणि थाळी एवढ्या सामग्रीवर उभा राहिलेला हा प्रयोग आजही वर्गात करता येतो. मात्र नोझलच्या बारीक थेंबांसाठी अधिक नाजूक पृष्ठभाग हवा.

मॅग्नेशियमची पट्टी जाळून तिच्या धुरावर काचपट्टी धरली असता तीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा पांढरा थर बसतो. थेंब या थरात शिरून गोल खळगा पाडतो. के. आर. मे यांनी १९५० मध्ये दाखवून दिले, की २० मायक्रॉनहून मोठ्या थेंबांसाठी खळग्याच्या व्यासाला ०.८६ ने गुणल्यास थेंबाचा खरा व्यास मिळतो. थराची जाडी थेंबाच्या व्यासापेक्षा अधिक असणे आवश्यक असते. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, मोजपट्टी असलेल्या नेत्रभिंगाने खळगे मोजतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मॅग्नेशियम आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे काम भागते.

शेतात अधिक सोयीचा ठरतो तो जलसंवेदी कागद. पाण्याचा स्पर्श होताच या पिवळ्या कागदावर निळा डाग उमटतो. झाडाच्या शेंड्यावर, मध्यभागी व खालच्या पानांच्या मागे असे कागद लावल्यास फवारा कोठवर पोहोचला, हे लगेच कळते. कीटकनाशकासाठी दर चौरस सेंटिमीटरला २० ते ३० आणि बुरशीनाशकासाठी ५० ते ७० डाग पुरेसे मानण्याचा प्रघात आहे. संपूर्ण पान ओलेचिंब करण्याची गरज नसते, ही गोष्ट हा कागद शेतकऱ्याच्या डोळ्यांना दाखवून देतो. हेच कागद फवारणाऱ्याच्या बाहीवर, छातीवर व टोपीवर लावले, तर त्याच्या अंगावर येणारा फवाराही दिसू लागतो.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र ध्यानात घेतल्या पाहिजेत. थेंब कागदावर पसरत असल्याने डाग थेंबाच्या साधारणतः दीड ते दोनपट मोठा असतो. त्यासाठी प्रसरण-गुणांकाने भागावे लागते. एकमेकांवर पडलेले डाग एकच मोठा थेंब भासतात. हवा फार दमट असल्यास कागद आपोआप निळा पडतो. डाग संगणकाच्या स्कॅनरवर घेतल्यास, इंचाला ६०० बिंदूंच्या क्षमतेवर एक बिंदू सुमारे ४२ मायक्रॉनचा असतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाचा डाग जेमतेम चार बिंदूंत मावतो. ५० मायक्रॉनखालील थेंबांचा विश्वासार्ह हिशेब यातून मिळत नाही. शिवाय अतिसूक्ष्म थेंब हवेच्या प्रवाहाबरोबर कागदाला वळसा घालून निघून जातात. तात्पर्य, माणसाच्या अंगावर येणारा सूक्ष्म हिस्सा या पद्धतीत नेमका कमी मोजला जातो. कागद कोरा राहिला म्हणून हवा शुद्ध होती, असे म्हणता येत नाही.

५.२ प्रकाशाच्या साहाय्याने मोजणे : थेंबाला स्पर्श न करता मोजण्याचे तत्त्व पदवीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. लायकोपोडियमच्या बीजाणूंवर प्रकाश टाकून मिळणाऱ्या वलयांवरून बीजाणूंचा आकार काढण्याचा प्रयोग अनेकांनी केला असेल. लेसर-विवर्तन उपकरणात बीजाणूंच्या जागी थेंब असतात. कण जितका लहान, तितके वलय मोठे. ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा हेलियम-निऑन लेसर व ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतल्यास १०० मायक्रॉनच्या थेंबाचे पहिले अदीप्त वलय सुमारे २.३ मिलिमीटर त्रिज्येचे, तर २० मायक्रॉनच्या थेंबाचे ११.६ मिलिमीटर त्रिज्येचे येते. फवाऱ्यात सर्व आकारांची वलये एकमेकांत मिसळलेली असतात. वलयाकार प्रकाशग्राहकांनी मोजलेल्या तीव्रतेवरून संगणक मूळ वितरण शोधून काढतो.

दुसरी पद्धत कला-डॉप्लर तत्त्वावर आधारित आहे. दोन लेसर शलाका जेथे छेदतात तेथे व्यतिकरणाचे पट्टे असतात. त्यांतून जाणाऱ्या थेंबाने विखुरलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेवरून वेग आणि दोन ग्राहकांवरील संकेतांच्या कलांतरावरून व्यास मिळतो. बाचालो व हाउजर यांनी १९८४ मध्ये ही पद्धत विकसित केली. वेगवान छायाचित्रणाने थेंबांच्या प्रतिमा घेऊन मोजण्याची तिसरी पद्धतही आता रूढ आहे. गोल नसलेले थेंबही तीत ओळखता येतात.

या दोन लेसर पद्धतींचे आकडे एकाच फवाऱ्यासाठीही तंतोतंत जुळत नाहीत. रस्त्याचे वरून छायाचित्र घेतले तर संथ बैलगाड्या अधिक दिसतात, कारण त्या रस्त्यावर जास्त वेळ रेंगाळतात. नाक्यावर उभे राहून वाहने मोजली तर वेगवान मोटारींनाही त्यांचा योग्य वाटा मिळतो. लेसर-विवर्तन हे छायाचित्रासारखे, तर कला-डॉप्लर हे नाक्यासारखे आहे. लहान थेंब लवकर मंदावतात, म्हणून पहिल्या पद्धतीत त्यांचे प्रमाण अधिक येऊ शकते. यास्तव पद्धतीचा उल्लेख न करता दिलेला थेंबाचा आकार अपुरा मानला पाहिजे.

६. वर्गीकरण आणि रंगांचा घोटाळा

ही अडचण ओळखून ब्रिटनमधील पीकसंरक्षण परिषदेने १९८५ मध्ये एक वेगळा मार्ग सुचविला. निरपेक्ष आकड्याऐवजी, ठरावीक संदर्भ-नोझलांशी तुलना करून फवाऱ्याला ‘अतिबारीक, बारीक, मध्यम, जाड’ अशी श्रेणी द्यावी, असा तो मार्ग होय. अमेरिकेतील कृषी अभियंत्यांच्या संस्थेने १९९९ मध्ये याच धर्तीवर मानक तयार केले. या मानकात प्रत्येक श्रेणीला रंग आहे : अतिबारीक लाल, बारीक नारिंगी, मध्यम पिवळा, जाड निळा.

येथे एक व्यावहारिक धोका संभवतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नोझलांच्या प्लॅस्टिकलाही रंग असतो. पण तो थेंबांचा नव्हे, तर प्रवाहाचा दर दर्शवितो. भारतात कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणाची श्रेणी सांगतो आणि तेथे लाल म्हणजे अत्यंत विषारी. एकाच लाल रंगाचे असे तीन अर्थ होतात. प्रशिक्षणवर्गात हा भेद स्पष्ट करून सांगितला जाणे निकडीचे आहे.

७. महाविद्यालयीन पातळीवर काय करता येईल?

लेसर-विवर्तनाचे उपकरण प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही. परंतु पुढील क्रमाने एक आंतरविद्याशाखीय प्रकल्प सहज हाती घेता येईल.

पहिली पायरी मोजपात्र आणि घड्याळाची. नोझलमधून एका मिनिटात पडणारे पाणी मोजावे. नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांहून अधिक वाढला असेल, तर छिद्र झिजले आहे आणि नोझल बदलावे, असा सर्वमान्य नियम आहे. नोझल तुंबले की तारेने टोकरण्याची सवय छिद्राचा आकार बिघडविते व फवारा एकांगी करते. दुसऱ्या पायरीवर दाब बदलून मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवर थेंब घ्यावेत. तिसऱ्या पायरीवर जलसंवेदी कागद शेतात लावून हातपंप, बॅटरीचा पंप व पेट्रोलवरचा पंप यांची तुलना करावी. सांख्यिकी विभागाने वितरणाचे विश्लेषण करावे, रसायनशास्त्र विभागाने पृष्ठताण मोजावा, भूगोल विभागाने वाऱ्याच्या व आर्द्रतेच्या नोंदी ठेवाव्यात आणि राष्ट्रीय सेवा योजनेने निष्कर्ष गावापर्यंत न्यावेत.

घाटाखालच्या खारपाण पट्ट्यातील पाण्याचाही या प्रकल्पात स्वतंत्र विचार व्हावा. क्षारांचा थेंबांच्या आकारावर होणारा परिणाम अल्प असला, तरी काही औषधांची परिणामकारकता जड पाण्याने घटते. अशा वेळी शेतकरी मात्रा वाढवितो किंवा टाकीत चिकट द्रव्य घालतो. हे द्रव्य पृष्ठताण कमी करून थेंबांचे वितरण बदलते. म्हणून साध्या पाण्याने घेतलेले मोजमाप टाकीतील मिश्रणास जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

विद्यार्थ्यांचे प्रयोग मात्र केवळ स्वच्छ पाण्यानेच व नव्या किंवा पूर्णतः धुतलेल्या पंपानेच व्हावेत. नोझल तोंडाने फुंकू नये. प्रयोगशाळेत रुजलेली ही शिस्त विद्यार्थ्यासोबत त्याच्या घरच्या शेतात जाईल.

अलीकडे ड्रोनद्वारे फवारणीचा प्रसार होत आहे. केंद्र शासनाने त्यासाठी २०२१ मध्ये कार्यपद्धती निश्चित केली आणि २०२३ मध्ये महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना जाहीर केली. ड्रोनमुळे फवारणारा फवाऱ्यापासून दूर राहतो, हा मोठाच लाभ होय. परंतु ड्रोन कमी पाण्यात अधिक तीव्र द्रावण फवारतो. त्यामुळे वाऱ्यावर गेलेला प्रत्येक थेंब अधिक औषध घेऊन जातो. शेजारचे शेत, विहीर, मधमाश्या आणि बांधावर चरणारी गुरे यांचा विचार करता थेंबांच्या मोजणीची गरज येथे कमी होत नाही, उलट वाढते.

८. निष्कर्ष

(१) फवाऱ्यातील थेंब विविध आकारांचे असतात. एकाच सरासरीने फवाऱ्याचे वर्णन करणे दिशाभूल करणारे आहे. घनफळ-मध्यक व्यासासोबत सूक्ष्म थेंबांच्या घनफळाची टक्केवारी दिली गेली पाहिजे.

(२) प्रत्येक पद्धतीचा स्वतःचा कल असतो. पकडून मोजण्याच्या पद्धती सूक्ष्म थेंब कमी दाखवितात. म्हणून आकड्यासोबत पद्धत नमूद करणे अनिवार्य आहे.

(३) दाब, नोझलची झीज, हवेची आर्द्रता व वारा यांची मोजणी साध्या साधनांनी होऊ शकते आणि तीवरून फवारणीची वेळ व पद्धत सुधारता येते.

(४) फवारणीतील विषबाधेची जबाबदारी केवळ मजुराच्या ‘निष्काळजीपणा’वर ढकलणे शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. ५० मायक्रॉनचा थेंब हवेत असताना नुसत्या डोळ्यांना सहसा वेगळा दिसत नाही; जे दिसतच नाही, त्याबाबत सावध राहण्याची अपेक्षा केवळ उपदेशाने पूर्ण होणार नाही. ते दृश्य करून दाखविणे हे शिक्षणसंस्थांचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी काचपट्टी, सूक्ष्मदर्शक व मोजपात्र आपल्या कपाटांत आधीपासूनच आहेत.